पाय उचलला की मी मागे जातो

मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, बरं का. माझ्या पाठीमागून एक जाड वायर निघते आणि टेबलाखाली, जमिनीवर ठेवलेल्या एका पट्टीला जाऊन मिळते. ती पट्टी पायाने दाबली की माझ्यातली कॅसेट चालू होते. पाय उचलला की थांबते, आणि थांबता थांबता दोन-तीन शब्द मागे जाते. लिहिणाऱ्याच्या हातून काही निसटलं असेल तर ते त्याला पुन्हा ऐकू यावं, म्हणून. मित्रांनो, हे मागे जाणं हाच माझा स्वभाव आणि हाच माझा नेम. त्यापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली. आज माझा एक कोपरा फुटलाय, अंगावरचे आकडे पुसलेत, तरी सांगतो, मला त्याची जराही लाज वाटत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. लांबच लांब टेबल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माना खाली घालून बसलेल्या बायका. मागे नेणारं चाक माझ्यात जिने बसवलं तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती, आणि ती शेजारणीला मुलाच्या तापाबद्दल सांगत होती. तिचं सांगणं संपायच्या आत मी पुढे सरकलो. टेबलाच्या शेवटी तपासनीस बसायचा. त्याने पट्टी दाबली, सोडली, आणि म्हणाला, "मागे जातोय. पुढचा आण." एवढंच काय ते माझं कौतुक.

पहिली काही वर्षं मी एका वकिलाच्या कचेरीत काढली. वकील पत्रं बोलून ठेवायचे, त्यांची टायपिस्ट ती माझ्यावर ऐकून टाईप करायची. ती नोकरी सोडून गेली, कचेरीने नवं यंत्र घेतलं, आणि मी विकायला निघालो. मला विकत घेतलं एका शिक्षिकेनं. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. मीही तेच म्हणतो.

बाई एका रुग्णालयातल्या कुटुंब-वैद्यक विभागात शिकवायच्या. मित्रांनो, काही डॉक्टर फक्त डोळे बघतात, काही फक्त हाडं. कुटुंबाचा डॉक्टर मात्र आजोबांचा खोकला बघतो, नातीचा कान बघतो आणि मधल्या सुनेला झोप का लागत नाही तेही विचारतो. असे डॉक्टर पुढे पीएचडीला बाईंकडे यायचे. वय पस्तीस-चाळीस, कुणाच्या कानाशी केस पिकलेले, आणि पुन्हा बाकावर बसून धडे गिरवायचे. धडा एकच होता, ऐकण्याचा. रक्तदाब मोजता येतो, साखर मोजता येते. पण माणूस दवाखान्यात यायला का घाबरतो, घरी जाऊन गोळ्या का टाकून देतो, हे कुठल्या यंत्राने मोजायचं? ते त्यालाच विचारावं लागतं, आणि मग गप्प बसावं लागतं. जाड पुस्तकांत याला गुणात्मक संशोधन म्हणतात. बाई म्हणायच्या, "नाव ऐकून दचकू नका. कान आहेत ना दोन? मग झालं."

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक लांब टेबल, एक लोखंडी कपाट, भिंतीवर घड्याळ, आणि खिडकीतून खाली केसपेपरसाठी लागलेली रांग दिसायची. बाईंचा नियम कडक होता. मुलाखत ज्याने घेतली त्यानेच ती माझ्यावर ऐकायची आणि स्वतःच्या हाताने उतरवायची. जसं बोललं तसं. माणूस अडखळला तर अडखळणंही लिहायचं. गप्प बसला तर किती सेकंद गप्प बसला ते कंसात मांडायचं.

तुम्हाला वाटेल, यात काय अवघड? पण डॉक्टरांची एक खोड असते. समोरच्याने तोंड उघडलं की त्यांचा हात औषधाच्या चिठ्ठीकडे जातो. एका डॉक्टरीणबाईंनी एका म्हातारीची मुलाखत घेतली आणि उतरवून आणलं, 'रुग्णास चढताना धाप लागते.' बाईंनी त्यांना माझ्यासमोर बसवलं. मी वाजलो. म्हातारी म्हणत होती, "जिना बघितला ना, की मला रडूच येतं."

बाई हळूच म्हणाल्या, "त्यांनी रडू म्हटलंय. तुमच्या कागदावर रडू कुठाय, डॉक्टर?"

"म्हणजे धापच की बाई."

"ते तुम्ही ठरवलंत. त्यांना विचारलंत का?"

डॉक्टरीणबाईंनी पाय उचलला. मी मागे गेलो. "की मला रडूच येतं." पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. पाचव्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. म्हातारीचे यजमान त्याच जिन्यावरून पडून गेले होते, हे पुढच्या मुलाखतीत कळलं. त्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार मानले, त्यात आईवडील, नवरा, बाई, आणि त्यानंतर 'पायाचा टेप' असं छापून आलं. खोली झाडायला येणाऱ्या मावशींनी ते पान वाचायला मागून घेतलं आणि मला म्हणाल्या, "आजोबा, छापून आलात की. आता आम्हाला ओळख दाखवाल ना?"

असे माझे बरे दिवस होते. ते फिरले एका नव्या साहेबांमुळे. नवे विभागप्रमुख आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं चकचकीत आणि वेळेत लागायचं. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "इतके शिकलेले डॉक्टर, आणि टायपिंग करत बसतात? बाहेर देऊन टाका."

बाई म्हणाल्या, "सर, ते टायपिंग नाही. तेच शिक्षण आहे."

"बाई, तुमची भावना कळते. पण काळ बदलला."

झालं. कॅसेटी बाहेरच्या टायपिस्टकडे जाऊ लागल्या आणि दोन दिवसांत पांढऱ्याशुभ्र कागदांवर परत येऊ लागल्या. त्याला 'स्वच्छ प्रत' म्हणत. स्वच्छ म्हणजे खरोखरच स्वच्छ. अडखळणं नाही, गप्प बसणं नाही, दोघं एकदम बोलले असतील तर तेवढा भाग गाळलेला. टायपिस्टचा काय दोष? त्याला स्वच्छ सांगितलं, त्याने स्वच्छ केलं. मी मात्र लोखंडी कपाटाच्या तळाशी गेलो. एका बाजूला मोडका वजनकाटा, दुसऱ्या बाजूला जुन्या फायली. मावशी माझ्या डोक्यावर आपली पिशवी ठेवायच्या. त्या पिशवीचा मला राग नव्हता, निदान ऊब तरी होती. राग होता तो त्या पांढऱ्या कागदांचा. चार वर्षं मी अंधारात बसलो, पण आपण चुकलो असं मला एकदाही वाटलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

बाईंच्या शेवटच्या विद्यार्थ्यांत एक डॉक्टर होते. त्यांना सगळे 'झटपट डॉक्टर' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. सकाळच्या चार तासांत साठ रुग्ण बघायचे. हात चांगला, मन चांगलं, पण घाई अशी की रुग्ण खुर्चीत टेकायच्या आत चिठ्ठी तयार. त्यांचा विषय होता, रक्तदाबाच्या गोळ्या लोक मध्येच का सोडतात. बारा मुलाखती घेऊन झाल्या होत्या. स्वच्छ प्रती आल्या होत्या. त्यावरून तक्ता झाला होता, आणि तक्त्यात लिहिलं होतं, बारापैकी नऊ जण गोळ्या विसरतात. उपाय म्हणून वेळेवर गजर वाजवणाऱ्या गोळ्यांच्या डबीचं चित्रही काढून झालं होतं. प्रबंध द्यायची शेवटची तारीख एकोणीस दिवसांवर होती. मुदत एकदा वाढवून घेतलेली, आता वाढणार नव्हती. तारीख चुकली की नाव रद्द, पाच वर्षं पाण्यात. शिवाय विभागप्रमुखांनी शब्द दिला होता, पदवी मिळाली की याच विभागात शिकवण्याची जागा.

उरली होती फक्त बाईंची सही.

बाई म्हणाल्या, "करते सही. त्याआधी एक कॅसेट स्वतः ऐकून उतरवा. कुठलीही, तुम्हीच निवडा."

"बाई, सगळं टाईप झालंय."

"मग तर सोपंच आहे. नुसतं जुळवून बघायचं."

झटपट डॉक्टरांनी सर्वांत छोटी कॅसेट निवडली. एका बस ड्रायव्हरची, अकरा मिनिटांची. मावशींनी पिशवी उचलून मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि टेबलावर ठेवलं. चार वर्षांनी दिव्याखाली आलो. आवाज निघेल की नाही, माझी मलाच खात्री नव्हती. निघाला. जरा घोगरा, पण निघाला.

सुरुवातीलाच खटका उडाला. दोन ओळी झाल्या आणि डॉक्टरांनी कानावरचे हेडफोन काढले. "हा बिघडलाय. पाय उचलला की मागे जातो."

"बिघडला नाही," बाई म्हणाल्या. "तो असाच आहे."

"वेळ जातो हो यात."

"जाऊ द्या थोडा."

डॉक्टरांनी पट्टी जरा जोरातच दाबली. दाबा, मी मनात म्हटलं. तुम्ही दाबत राहा, मी मागे जात राहतो. बघू कोण दमतं.

स्वच्छ प्रतीत लिहिलं होतं: 'प्रश्न: गोळ्या विसरता का? उत्तर: हो.' डॉक्टर ती ओळ जुळवायला आले. मी वाजलो.

"गोळ्या विसरता का?"

मग नुसती खरखर. खुर्ची करकरली. मग ड्रायव्हरचा आवाज, खालचा, "विसरतो असं नाही डॉक्टर, ड्यूटीच्या दिवशी मी…"

आणि त्यावर झटपट डॉक्टरांचा स्वतःचा आवाज, "बरं, आठवड्यातून किती वेळा?"

"…पाच-सहा."

"मग गजर लावत जा."

"हो."

डॉक्टरांचा पाय उचलला गेला. मी मागे गेलो. "हो." पट्टी दाबली, सोडली. "गजर लावत जा. हो." हाताने उलटा खटका दाबून त्यांनी मला आणखी मागे नेलं. "ड्यूटीच्या दिवशी मी…" पुन्हा. "ड्यूटीच्या दिवशी मी…" पुन्हा. कागदावरचं ते 'हो' त्या प्रश्नाचं नव्हतंच. ते गजराचं होतं. मुकाट्याने उठून जाता यावं म्हणून माणूस म्हणतो, तसलं.

डॉक्टरांनी पट्टीवरून पाय बाजूला घेतला आणि विचारलं, "बाई, हा काय सांगत होता?"

"मला कसं माहीत असणार? तुम्ही होतात ना तिथे."

त्या दिवशी सही झाली नाही. त्यांनी मागितलीच नाही. दुसऱ्या दिवशी दवाखाना आटोपून दोन वाजता ते आले आणि उरलेल्या अकरा कॅसेटी मागितल्या. रोज दोन ते पाच, असे नऊ दिवस ते माझ्यासमोर बसले. चहा गार व्हायचा. मावशी कप उचलताना म्हणायच्या, "डॉक्टर, यांना तरी पाजा. आजोबांचा घसा बसला." डॉक्टर हसायचे नाहीत. प्रत्येक कॅसेटीत ते स्वतःलाच भेटत होते. कुणी वाक्य सुरू केलं की यांचा आवाज आलाच. एका बाईने "घरात कुणाला कळू नये म्हणून…" एवढं म्हटलं आणि यांनी तिला मिठाचं प्रमाण सांगितलं. एका वहीत त्यांनी रेघा मारल्या, आपण किती ठिकाणी तोडलं त्याच्या. वही भरत चालली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मी मागे जाणं थांबवलं नाही. दया येऊन एखादी जागा गाळायची, हे काम स्वच्छ प्रतीचं.

दहाव्या दिवशी ते मला उचलून विभागप्रमुखांच्या खोलीत घेऊन गेले. वायर लोंबत होती, ती मावशींनी मागून धरली होती.

"सर, माझा तक्ता चुकलाय. हे लोक विसरत नाहीत. मी त्यांना बोलूच दिलेलं नाही. पाच मिनिटं ऐकता का?"

विभागप्रमुखांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ऐकायची काय गरज? छापील प्रत आहे की. प्रबंध द्या आणि मोकळे व्हा. नंतर करा काय सुधारणा करायच्या त्या."

"नंतर ती डबी वाटली जाईल, सर. घरोघरी गजर वाजेल आणि लोक तो बंद करून कामाला जातील."

"एका ड्रायव्हरच्या अर्ध्या वाक्यासाठी पाच वर्षं घालवणार? जागा हातची जाईल, डॉक्टर. मी पुन्हा शब्द देणार नाही."

"त्याचं अर्धं वाक्य मी खाल्लंय, सर. मला ते त्याला परत विचारायचंय."

माझ्या पोटात कॅसेट होती. 'ड्यूटीच्या दिवशी मी…' या जागेवर आणून ठेवलेली. पट्टी जमिनीवर होती, विभागप्रमुखांच्या बुटापासून वीतभर अंतरावर. नुसता पाय पुढे सरकवायचा होता. त्यांनी तो मागे घेतला.

तारीख आली आणि गेली. झटपट डॉक्टरांनी प्रबंध दिला नाही. त्यांचं नाव पटावरून निघालं, ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. शेजारच्या खोलीतून लोक बोलताना मला ऐकू यायचं. कुणी म्हणे डोकं फिरलं, कुणी म्हणे बाईंनी बिघडवलं. बाईंनी नव्या प्रवेशाचा अर्ज आणून ठेवला, आणि डॉक्टरांनी तो भरला. पहिलं वर्ष. ज्यांना ते कालपर्यंत अडलं-नडलं समजावून सांगत होते त्यांच्या मागच्या बाकावर.

आणि मग एक कॅसेट आली. कुठल्याही टायपिस्टकडे न जाता, सरळ माझ्याकडे. मी तिथे नव्हतो, मित्रांनो, मी कधीच कुठे नसतो. या इमारतीबाहेरचं, जे माझ्यात घातलं जातं तेवढंच मला ठाऊक. त्या कॅसेटीत बस डेपोतली विश्रांतीची खोली होती. पंखा फिरत होता, लांबवर कुणीतरी इंजिन चालू-बंद करत होतं.

"परत गोळ्यांचंच विचारणार का, डॉक्टर?" ड्रायव्हर म्हणाला. आवाजात वैताग होता.

"नाही. मागच्या वेळी तुम्ही बोलत होतात आणि मी मध्ये पडलो. चूक माझी. तुम्ही म्हणाला होतात, ड्यूटीच्या दिवशी मी… पुढे काय म्हणायचं होतं?"

पंखा. इंजिन. एक सेकंद, दोन, तीन. मी वाट बघत होतो, आता बोलतील झटपट डॉक्टर. चार. पाच. सहा. आता विचारतील 'किती वेळा'. सात. आठ. नऊ. ते बोलले नाहीत.

"हसाल तुम्ही," ड्रायव्हर म्हणाला.

डॉक्टर याच्यावरही गप्प.

"ती पांढरी गोळी घेतली की लघवीला लागते. सारखी. आणि माझा मार्ग सव्वादोन तासांचा. मागे पन्नास माणसं. कुठं थांबवू? एकदा थांबवली तर एकजण वेळ बघून ओरडला, दुसऱ्याने तक्रार केली. त्या दिवसापासून ड्यूटीला निघताना बायकोला नुसतं म्हणतो, घेतली गोळी. तिच्यासमोर तोंडात घालतो हो. जिना उतरलो की काढून टाकतो. सुट्टीच्या दिवशी मात्र घेतो, अगदी वेळेवर. विसरायला मी काय लहान आहे?" जरा थांबून तो म्हणाला, "तुम्ही मागच्या वेळी दोन गोळ्या करून दिल्यात. आता दोन टाकतो."

यावर डॉक्टर काय बोलले माहीत आहे? ते म्हणाले, "आणखी सांगा." ती कॅसेट अठ्ठेचाळीस मिनिटं चालली. त्यात डॉक्टरांचा आवाज सहा वेळा आहे. औषधाचा सल्ला एकदाही नाही. तो त्यांनी मुलाखत संपल्यावर, कॅसेट बंद करून दिला असणार. कारण तिसऱ्या कॅसेटीत ड्रायव्हर सांगतो की गोळी बदलली, ड्यूटी सुटल्यावर घ्यायची ठरली, आणि डेपोतले आणखी चौघे आता बोलायला तयार आहेत.

नऊ जण 'विसरणारे' होते ना? पुन्हा विचारलं तेव्हा त्यांतले सहा जण काहीही विसरत नव्हते. प्रत्येकाकडे कारण होतं. फक्त ते सांगायला लागणारा वेळ त्यांना कुणी दिला नव्हता.

त्या सहाव्या माणसाची कॅसेट वाजवतानाच माझ्यातला रबरी पट्टा तुटला. तसला पट्टा आता कुठे मिळत नाही. मावशींनी केसांचं रबर लावून बघितलं, मी दोन मिनिटं चाललो आणि बसलो. झटपट डॉक्टरांनी मला कपाटात ठेवू दिलं नाही. आता मी नुसता टेबलावर असतो. नवे विद्यार्थी येतात, दुसऱ्या यंत्रांवर ऐकतात, माझ्यावर वह्या ठेवतात. बाई निवृत्त झाल्या. झटपट डॉक्टरांचा प्रबंध अजून पुरा व्हायचाय. पदवी मिळेल की नाही ते मला सांगता येणार नाही. विभागप्रमुख अजूनही स्वच्छ प्रतच मागतात, आणि डॉक्टर अजूनही ती देत नाहीत. मागच्याच आठवड्यात ते एका नव्या विद्यार्थिनीला म्हणत होते, "सेकंद लिहा. सगळे लिहा. कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा." पूर्वी ते असं हळू बोलायचे नाहीत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, मला जपा, मला फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. माझा पट्टा गेलाय, मला खुशाल भंगारात द्या. पण तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात कुणी वाक्य सुरू करून मध्येच थांबलं, तर ते तसंच सोडून पुढे पळू नका. तुमच्या पायाखाली कुठलीच पट्टी नाही आणि मागे नेणारं चाक तुमच्यात कुणी बसवलेलं नाही. ते तुम्हाला स्वतःलाच करावं लागेल. त्या माणसापाशी परत जा, त्याचा शेवटचा शब्द त्याला आठवून द्या, आणि मग तोंड मिटून बसा. नऊ सेकंद फार मोठे वाटतात. बसवत नाही. तरी बसा.